परवाना उंचीचा हवा

मुंबईत रंगकामाचा ठेका घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही. इमारतीच्या वायरिंगचं काम घ्यायचं तर राज्य सरकारचा विद्युत ठेकेदाराचा परवाना लागतो, आणि नळजोडणीचे कागद महापालिकेत परवानाधारक प्लंबरच्या सहीशिवाय पुढे सरकत नाहीत. रंगकामाला परीक्षा नाही, अनुभवाचा दाखला नाही, नोंदवहीसुद्धा नाही. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातलं कलम ३४२ काही किरकोळ दुरुस्त्यांना परवानगीच्या अटीतून मोकळं ठेवतं आणि त्या यादीत गिलाव्याच्या जोडीला रंगकामाचं नाव आहे. परांची फुटपाथवर किंवा रस्त्यावर येत असेल तरच वॉर्ड कचेरीत जावं लागतं. त्यामुळे काल दुसऱ्याकडे मुकादम असलेला माणूस आज स्वतःचं लेटरहेड छापून सात मजली इमारतीचं कोटेशन देऊ शकतो, आणि कित्येक चांगले ठेकेदार याच वाटेने वर आले आहेत. कोटेशनं काढणं, मोजमापं घेणं, बिलं लिहिणं आणि सोसायटीच्या सभेत दराचा खुलासा करणं हे माझं काम आहे. 'रंगवाल्यांना लायसन्स का नाही?' हा प्रश्न त्यात नेहमी समोर येतो. तो विचारला जातो भिंतीचे पापुद्रे सुटल्यावर, रंग एका पावसात उतरल्यावर. माणूस खाली पडल्यावर तो फारसा कुणी विचारत नाही. मला मात्र परवान्याची गरज तिथेच दिसते. रंग लावण्यासाठी परवाना नको. उंचीवर माणूस चढवण्यासाठी हवा, आणि त्या चढवण्याचा खर्च दराच्या चढाओढीतून बाहेर काढायला हवा. हे मी कोटेशनच्या आकड्यांवरूनच मांडणार आहे, कारण या धंद्यातली बहुतेक खरी माहिती त्या एका कागदावर असते.

परवाना नाही याचा अर्थ कागद नाहीत असा नव्हे. ठेकेदाराला दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी किंवा निदान सूचना द्यावी लागते. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये भरावा लागतो आणि पगारदार माणसं ठेवली तर त्यांच्या व्यवसाय कराची वेगळी नोंदणी येते. उद्यम नोंदणी फुकट आहे. सोसायटी बिलातून स्रोतावर कर कापते, एकट्याच्या नावावर धंदा असेल तर एक टक्का, भागीदारी किंवा कंपनी असेल तर दोन टक्के, आणि तो परत मिळवायला विवरणपत्र भरावं लागतं, म्हणजे सीए आला. यात कुणाचं कंबरडं मोडेल असं काही नाही. खरा फरक पडतो तो उंबरठ्यांमुळे. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटी. दहा माणसं झाली की राज्य कामगार विमा, आणि बांधकाम कामगारांसाठीचे नियमही दहापासूनच. वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी. कंत्राटी कामगारांच्या परवान्याचा आकडा तर महाराष्ट्राने वीसवरून पन्नासवर नेला. धंद्यात नवा आलेला माणूस पहिल्या वर्षीच हे आकडे पाठ करतो आणि पुढची अनेक वर्षं त्यांच्या खाली राहण्याची काळजी घेतो.

जीएसटीचा हिशेब सगळ्यांत जास्त गैरसमजाचा आहे, म्हणून तो नीट मांडतो. समजा अठ्ठावीस फ्लॅटची, सात मजल्यांची इमारत आहे आणि बाहेरून ३०,००० चौरस फूट पृष्ठभाग रंगवायचा आहे. भेगा भरणं, प्रायमरचा एक हात आणि बाहेरच्या इमल्शनचे दोन हात. दर धरू चौरस फुटाला २८ रुपये, म्हणजे काम ८,४०,००० रुपयांचं. त्यात करापूर्वीचं साहित्य ३,४०,००० आणि मजुरी, परांची, देखरेख, नफा मिळून ५,००,०००. नोंदणीकृत ठेकेदार संपूर्ण रकमेवर १८ टक्के, म्हणजे १,५१,२०० रुपये लावतो आणि बिल ९,९१,२०० वर जातं. सभेत लोक हा दीड लाखाचा आकडा बघतात आणि त्यांना वाटतं, विनानोंदणीवाल्याकडे गेलो तर दीड लाख वाचतील. तसं होत नाही. विनानोंदणीवालाही रंग दुकानातूनच आणतो. त्या साहित्यावर ६१,२०० रुपये कर गेलेलाच असतो आणि त्याचं क्रेडिट त्याला मिळत नाही. त्याचं बिल ९,०१,२०० होतं. फरक नव्वद हजारांचा, मजुरीच्या पाच लाखांवरचा कर, फ्लॅटमागे ३,२१४ रुपये. हा फरक लहान नाही, पण तो दीड लाखही नाही. हेच लक्षात घेऊन बऱ्याच सोसायट्या रंग स्वतः विकत घेतात आणि ठेकेदाराला फक्त मजुरीचं उक्तं काम देतात. ते पूर्ण कायदेशीर आहे. त्यातून आणखी एक गोष्ट घडते: ठेकेदाराची कागदावरची उलाढाल अर्ध्याजवळ येते, तो वीस लाखांच्या खाली राहतो आणि त्याच्याकडे किती माणसं, कुठल्या नावांची, कुठल्या विम्याखाली आहेत हे विचारणारं कुणीही उरत नाही. कर वाचवण्याच्या सोयीतून जबाबदारीचा मागमूसही पुसला जातो. मला खुपतं ते हे दुसरं नुकसान, कारण ते कुठल्याच बिलात दिसत नाही.

आता त्याच इमारतीला दुसऱ्याने २५ रुपयांचा दर दिला असं धरू. सभेत त्याचं काम ७,५०,००० ला पडतं, नव्वद हजारांनी स्वस्त. हे नव्वद हजार कुठून आले, एवढा एकच प्रश्न कमिटीने विचारायला हवा आणि तोच विचारला जात नाही. मुंबईत रंगाच्या डब्याचा भाव सगळ्यांना जवळपास सारखाच पडतो. दुकानदार नेहमीच्या गिऱ्हाईकाला दोन-चार टक्के सोडतो, ते दोघांनाही सुटतात. बांबूची परांची बांधून देणारे ठरावीक लोक असतात आणि त्यांचा दर पृष्ठभागावर ठरतो. नाक्यावरचा रोज कुणा एकासाठी कमी होत नाही. उलट दिवाळीच्या आधी आणि पावसाळ्याच्या तोंडावर तो चढतोच. माझ्या उदाहरणात पाच लाखांतले तीन लाख मजुरी, एक लाख परांची आणि उरलेल्या एका लाखात ठेकेदाराची धावपळ, वाहतूक, सुपरवायझर, अडकलेल्या पैशाचं व्याज आणि नफा. सोसायटी पाच ते दहा टक्के रक्कम वर्षभर अनामत म्हणून अडकवून ठेवते, दुकानदाराची उधारी मात्र महिन्यात फेडावी लागते. म्हणजे तो एक लाखही पूर्ण त्याचा नसतो. अशा कामातून दहा टक्क्यांहून जास्त खाली येणारा माणूस फक्त तीन ठिकाणांहून पैसे काढू शकतो: स्वतःच्या नफ्यातून, रंगातून किंवा माणसाच्या जिवावरून. एखादा नवखा माणूस नाव व्हावं म्हणून पहिलं काम नफ्याशिवाय करतो, हे खरं आहे. पण जो दर वर्षी, दर टेंडरला दहा टक्के खाली असतो, तो नफा सोडून जगत नाही.

रंगातून पैसे काढायच्या रीती सोसायट्यांना आता बऱ्यापैकी माहीत झाल्या आहेत. दोन हातांसाठी लिटरला साधारण पन्नास चौरस फूट धरले तर या इमारतीला ६०० लिटर, म्हणजे वीस लिटरचे तीस डबे लागतात. जास्त पाणी मारलं की बावीस डब्यांत काम उरकतं, आणि डबा नऊ हजारांचा असेल तर बहात्तर हजार सुटले. दुसऱ्या हाताच्या जागी दीड हात, प्रायमरच्या जागी कालचा उरलेला पातळ रंग, हेही चालतं. म्हणून कमिट्या रिकामे डबे मोजून ठेवतात, डब्याला भोक पाडतात, रंग कंपनीच्या माणसाला बोलावून भिंत दाखवतात. काहीजण रंग स्वतः आणतात तेही यासाठीच. ही जागरूकता चांगली आहे, पण तिचा एक परिणाम मी कोटेशनांच्या आकड्यांत स्पष्ट पाहतो. रंगातून पैसे काढणं अवघड झालं तसा स्वस्त दराचा सगळा भार तिसऱ्या जागेवर आला. डब्यांची मोजदाद होते. कमरेच्या पट्ट्याचा हूक कुठे अडकवला आहे याची होत नाही. पातळ रंग दोन पावसाळ्यांत उघडा पडतो आणि त्याचा जाब विचारायला अठ्ठावीस मालक हजर असतात. परांचीवर जाळी नव्हती हे मात्र काम सुखरूप संपलं की कुणाला आठवतही नाही, कारण बहुतेक वेळा काम सुखरूप संपतंच. ज्या काटकसरीची किंमत दहातल्या नऊ वेळा काहीच पडत नाही, ती काटकसर चढाओढीत टिकून राहते.

ती काटकसर केवढी, हेही बघू. या कामावर बारा माणसं धरली, तर त्यांच्यासाठी पूर्ण अंगाचे हार्नेस, स्वतंत्र जीवनदोर, हेल्मेट आणि जाळी मिळून साठ हजार रुपये धरायला हरकत नाही. हे सामान दोन कामांवर तरी नीट वापरता येतं, म्हणून या कामावर तीस हजार. कामगार नुकसानभरपाईच्या विम्याचा, म्हणजे डब्ल्यूसी पॉलिसीचा हप्ता वेतन आणि जोखीम बघून ठरतो, तो पंधरा हजार धरू. राज्य कामगार विम्यात मालकाचा वाटा ३.२५ टक्के, पण इथे एक खाच आहे आणि ती फार थोड्यांच्या ध्यानात येते. या विम्याची वेतनमर्यादा महिन्याला २१,००० रुपये आहे. हेल्पर तिच्या आत बसतो. ९०० रुपये रोज घेणारा कसलेला रंगारी सव्वीस दिवसांत २३,४०० कमावतो आणि मर्यादेबाहेर पडतो. सगळ्यांत वर, पाळण्यात लटकून काम करतो तो हाच कसलेला माणूस. म्हणून त्याच्यासाठी पॉलिसी ऐच्छिक समजणं चुकीचं आहे. निम्मी मजुरी हेल्परांची धरली तर दीड लाखावर ४,८७५ रुपये. सगळं मिळून ४९,८७५, म्हणजे चौरस फुटाला १ रुपया ६६ पैसे आणि फ्लॅटमागे १,७८१ रुपये. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही आकड्यातच सांगतो. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या जुन्या कायद्यातल्या सूत्राने मृत्यूची भरपाई निम्मं मासिक वेतन गुणिले वयाचा गुणक अशी निघते. हिशेबापुरतं वेतन २०२० पासून जास्तीत जास्त १५,००० धरलं गेलं आणि तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८ आहे. उत्तर येतं १५,५९,८५०. ज्या ठेकेदाराची या कामातली सगळी वरकड एक लाखाची आहे, तो हे पंधरा लाख कुठून आणणार? तो आणत नाही. गावी अंत्यविधीपुरते पैसे पोहोचतात आणि एखाद्या कागदावर अंगठा घेतला जातो. पॉलिसी असती तर त्या घराला कायद्याने ठरवलेली रक्कम मिळाली असती, आणि तीही सोसायटीतल्या एकेका कुटुंबाच्या काहीशे रुपयांत.

कायदा हे का पकडत नाही? कारण तो माणसं मोजतो, मजले मोजत नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात दुरुस्ती आणि देखभालीची कामं येत होती, त्यामुळे रंगकाम त्याच्या कक्षेत होतं. परांचीविषयी आणि उंचीवरच्या कामाविषयी तपशीलवार नियमही होते. पण कायदा लागू व्हायचा तो दहा किंवा अधिक माणसं कामावर असतील तर. नोव्हेंबर २०२५ मध्ये जुन्या कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता अमलात आल्या, त्यांतही बांधकामासाठी दहाचाच आकडा आहे. कारखान्यासाठी असा उंबरठा समजू शकतो, तिथे माणसं वाढली की यंत्रं वाढतात, गर्दी वाढते, धोका वाढतो. रंगकामात उलटं आहे. तळमजल्याच्या गोदामात बारा माणसं भिंती रंगवत असतील तर फार तर कुणी स्टुलावरून घसरेल. चौदाव्या मजल्यावर दोराला फळी बांधून तीन माणसं लटकली असतील तर त्या तिघांवर कुठलाही नियम लागू होत नाही. शिवाय दहाचा आकडा टाळणं सोपं आहे. एका इमारतीची दोन अंगं दोन नावांनी दिली, सहा-सहा माणसांच्या दोन टोळ्या दाखवल्या, की संपलं. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करायला कामगाराला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दोन टोळ्यांच्या खेळात तो दाखला देणारा मालकच कागदावर उरत नाही, आणि मुलांच्या शिष्यवृत्तीपासून सगळं काही हातचं जातं.

मग सरसकट रंगकामाचाच परवाना का नको, असा आक्षेप येतो, आणि अमेरिकेचं उदाहरण दिलं जातं. ते उदाहरण खरं आहे. कॅलिफोर्नियात रंगकामाच्या ठेकेदारासाठी सी-३३ नावाचा वेगळा परवाना आहे. त्यासाठी चार वर्षांचा कामाचा अनुभव आणि परीक्षा लागते, आणि २०२३ पासून २५,००० डॉलरचं हमीपत्र द्यावं लागतं. या पद्धतीत घरमालकाचं चांगलं संरक्षण होतं, आणि हमीपत्रातून थकलेल्या मजुरीचाही दावा करता येतो, हे मला आवडतं. पण परवान्याचा मुख्य रोख बघा: काम नीट होईल का, पैसे घेऊन माणूस पळेल का. म्हणजे ग्राहकाची काळजी. वायरमन आणि प्लंबरच्या परवान्यांमागेही हाच विचार आहे, कारण त्यांची चूक पुढे कित्येक वर्षं घरात राहणाऱ्यांना भोवते. रंगाऱ्याच्या वाईट कामाने कुणी मरत नाही. भिंत खराब दिसते, पुन्हा खर्च होतो. त्यासाठी अनामत रक्कम आणि वर्षभराची हमी पुरेशी आहे, आणि सोसायट्या त्या दोन्ही घेतात. म्हणून ज्या उदाहरणाकडे मला बघावंसं वाटतं ते न्यूयॉर्कचं. तिथल्या कामगार कायद्याचं कलम २४० 'स्कॅफोल्ड लॉ' म्हणून ओळखलं जातं आणि त्याचं मूळ १८८५ सालात आहे. इमारत बांधणं, पाडणं, दुरुस्त करणं, साफ करणं याबरोबर रंगवणं हाही शब्द त्या कलमात आहे. उंचीवर योग्य परांची, दोर, आधार न दिल्यामुळे माणूस पडला तर ठेकेदार आणि इमारतीचा मालक दोघेही जबाबदार धरले जातात. एक-दोन कुटुंबांच्या घरमालकाने कामावर स्वतः हुकूमत चालवली नसेल तर त्याला त्यातून वगळलं आहे. लटकत्या पाळण्यावर काम करणाऱ्याला न्यूयॉर्क शहरात सोळा तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. किती माणसं आहेत, कोणता धंदा आहे, हे तिथे गौण आहे. माणूस जमिनीपासून वर गेला, एवढं पुरे. त्या कायद्यामुळे विम्याचे हप्ते चढतात अशी तिथल्या बांधकाम व्यावसायिकांची जुनी तक्रार आहे आणि तिच्यात तथ्य असणार. जोखीम आधीपासून होतीच, कायद्याने ती कुणाच्या खिशात आहे ते बदललं.

आपल्याकडे याचं रूप साधं ठेवता येईल. खोल्या, जिने, दुकानं, तळमजल्याची कामं यांना काहीही अट नको. तिथे धंदा आजच्याइतकाच मोकळा राहावा. दुसऱ्या मजल्यापासून वर, इमारतीच्या बाहेरच्या अंगाने माणूस चढणार असेल, मग तो रंगारी असो, वॉटरप्रूफिंगवाला असो, काचा पुसणारा असो की पाइप बदलणारा, तर त्या कामाच्या ठेकेदाराकडे उंचीचा परवाना हवा. परवान्याला तीन गोष्टी पुरेत: चालू पॉलिसी, साधनांची वर्षातून एकदा तपासणी आणि वर चढणाऱ्या प्रत्येकाचं प्रशिक्षण. रंगाची जाण तपासायची गरज नाही, ती गिऱ्हाईक तपासतं. पावसाळ्याचे चार महिने बाहेरचं काम जवळजवळ बंद असतं, प्रशिक्षणाला तोच काळ योग्य. रंग कंपन्या आजही रंगाऱ्यांना शिकवतात, पण शिकवतात टेक्स्चर आणि फिनिशिंग, कारण त्यांना विकायचं असतं ते तिथे. त्याच वर्गात दोन दिवस दोर आणि गाठी शिकवायला वेगळी इमारत उभारावी लागणार नाही.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप नाक्यावरच्या माणसाचा आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. उत्तर प्रदेश, बिहारकडून किंवा कोकणातून येऊन सकाळी नाक्यावर उभा राहणारा रंगारी कागदांच्या बाबतीत कच्चा असतो. हातातलं कसब पक्कं असतं. मुंबईत ज्या धंद्याला परवाना आला त्या धंद्यात परवान्याचाच व्यवहार सुरू झाला, दुसऱ्याच्या लायसन्सवर काम आणि सहीचे पैसे वेगळे, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. रंगकामाला सरसकट परवाना आणला तर हेच होईल आणि आज स्वतःच्या हिमतीवर ठेकेदार होणारा मुकादम कायमचा मुकादम राहील. माझा सरसकट परवान्याला विरोध याच कारणाने आहे. उंचीच्या परवान्यात ही भीती कमी आहे, कारण त्यात कामगाराला परीक्षा पास व्हायची नाही आणि ठेकेदाराला पदवी दाखवायची नाही. पॉलिसी नावांनिशी मागायची, आणि नाव लागलं की त्या माणसाला कुणीतरी कामावर ठेवल्याचा पुरावा तयार होतो. नव्वद दिवसांच्या दाखल्याची वाटही तिथूनच सुटते. तरीही काही लहान ठेकेदारांची बाहेरची कामं सुटतील, दोराच्या कामाचा दर वाढेल. हे होणार, आणि ते मान्य करूनच मी हे म्हणतो आहे. आजचा दर कमी आहे तो कुणाच्या तरी न भरलेल्या विम्यामुळे.

दुसरा आक्षेप सोसायट्यांचा: आधीच देखभाल खर्च वाढलेला, त्यात निवृत्त माणसं, त्यांनी कुठून द्यायचं? आदर्श उपविधींप्रमाणे दुरुस्ती व देखभाल निधीसाठी प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के दर वर्षी जमा करायचे असतात. बांधकाम खर्च पंधरा लाख धरला तर दुरुस्तीचे ११,२५० रुपये वर्षाला, अठ्ठावीस फ्लॅटचे ३,१५,०००. बाहेरचा रंग पाच-सहा वर्षांनी निघतो. एवढ्या काळात जमणाऱ्या पंधरा-अठरा लाखांत इतर दुरुस्त्या धरूनही हे काम बसतं, सुरक्षेच्या पन्नास हजारांसकट. अडचण येते ती निधी नियमाप्रमाणे न जमवल्यामुळे. मग एके वर्षी सगळा बोजा एकदम सभासदांवर येतो आणि सभेत सगळ्यांत खालचा दर निवडणं ही एकच सुटका वाटते. कमिटीला उपनिबंधकांकडे तक्रार जाण्याची भीतीही असते: स्वस्त सोडून महाग का घेतलं? पुनर्वसनाच्या उंच इमारतींत राहणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे मजले जास्त, उत्पन्न कमी आणि निधी जवळजवळ नाहीच. त्यांना नियम दाखवून उपयोग नाही. अशा ठिकाणी एका वर्षी एक अंग रंगवणं, किंवा पॉलिसीचा भार मजुरांसाठी गोळा होणाऱ्या बांधकाम उपकरातून काही अंशी उचलणं, हे मार्ग शोधावे लागतील. तो पैसा कामगारांसाठीच जमा होतो आणि खाली पडणारा माणूस कामगारच असतो.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर सोसायट्या हे कागद स्वतः मागू शकतात. ते खोटे दाखवले जातील त्याचं काय, असं विचारणारे असतात. जीएसटी क्रमांक कुणालाही संकेतस्थळावर तपासता येतो, पॉलिसीची खातरजमा विमा कंपनीला फोन करून होते, आणि पॉलिसीतल्या नावांची यादी वॉचमनच्या वहीतल्या रोजच्या हजेरीशी ताडून बघायला दहा मिनिटं लागतात. खोटेपणा पूर्ण थांबणार नाही, पण आज खोटं बोलायचीही गरज पडत नाही, कारण कुणी विचारतच नाही. विचारण्याची योग्य जागा टेंडर आहे. मोठ्या सोसायट्या आता सल्लागाराकडून टेंडर काढतात. त्यात भेगा भरण्याची, प्रायमरची, रंगाची, परांचीची अशी ओळीओळीने मोजमापं असतात आणि ठेकेदार प्रत्येक ओळीपुढे दर भरतो. त्या तक्त्यात हार्नेस आणि जाळी, पॉलिसी, कामगार विमा अशा तीन ओळी वाढवायच्या आणि त्यांच्यापुढची रक्कम सल्लागारानेच आधी छापायची, सगळ्यांना एकच. ठेकेदारांनी चढाओढ करायची ती उरलेल्या ओळींवर. पॉलिसीची प्रत आणि नावांची यादी आल्याशिवाय परांचीचा पहिला बांबू आत येऊ द्यायचा नाही आणि त्या तीन ओळींचे पैसे बिलाची पावती बघूनच द्यायचे. यात चांगल्या ठेकेदाराचा तोटा नाही, कारण आज तोच ही रक्कम दरात धरतो आणि त्याच रकमेने हरतो. पुढच्या हंगामाची टेंडरं ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात. सल्लागारांकडे तक्ता आधीपासून तयार असतो, त्यात या तीन ओळी वाढवायला सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरतो.